साडेदहा नमस्कार

माझ्या उजव्या खांद्याचं वाटोळं सूर्याने केलं, आणि तेही आयर्लंडमध्ये, जिथे तो मुळात कामावरच फारसा येत नाही.

डब्लिनच्या उत्तरेला, विमानतळाच्या अलीकडे सँट्री नावाचा भाग आहे. तिथे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी, माझी बायको मानसी आणि तेरा वर्षांची इरा असे तिघं राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे पगार बसण्याचा मिळतो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी स्वखुशीने एकही सूर्यनमस्कार घातलेला नव्हता. आमच्या घरात ते खातं बाबांकडे होतं.

बाबा सांगलीला असायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, आणि एकतीस वर्षं रोज सकाळी सतरंजीवर बारा सूर्यनमस्कार. खाडा हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मी आयर्लंडला आल्यापासून ते रोज सकाळी मला मेसेज करायचे, ‘१२ झाले.’ बस्स! कसा आहेस, जेवलास का, थंडी किती, काही नाही. मी उठून चहा ठेवेपर्यंत तो मेसेज येऊन पडलेला असायचा, आणि तेवढ्यावरून मला कळायचं की सांगलीत सगळं ठीक आहे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सूप पीत होतो. बाबांचा मेसेज आला, ‘दोन दिवस दम लागतोय. उद्या घालावेत की नाही बघतो.’ कुठल्याही शहाण्या मुलाने सूप खाली ठेवून फोन केला असता. मी एका हाताने सूप पीत दुसऱ्या हाताने लिहिलं, ‘खाडा नको हं बाबा!’ आणि पुढे दंडाची बेडकी फुगवलेलं चित्र टाकलं. (हो, ते पिवळं चित्र. मला आता ते कुणी पाठवलं तरी मी फोन उलटा ठेवतो.)

बुधवारी सकाळी मेसेज आला, ‘१२ झाले.’ मी खूश होऊन अंगठा पाठवला. गुरुवारी सकाळी आईचा फोन आला. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले होते, चहाचा कप हातातच होता.

मी हे कोणाला सांगितलं नाही. मानसीला नाही, आईला तर नाहीच. एका म्हाताऱ्या माणसाला एक दिवस विसावा हवा होता, तो त्याने माझ्याकडे मागितला, आणि मी बेडकी पाठवली. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

दोन विमानं बदलून मी सांगलीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बाबांची सतरंजी अंथरली आणि नमस्कार घालायला लागलो. झालं! घरात बैठक बसली.

“सुतकात नमस्कार? देवाला हात लावत नाहीत आणि हा सूर्याला घालतोय!” काका म्हणाले.

“देवाला कुठं घालतोय? व्यायाम आहे तो,” आत्या म्हणाली.

“मंत्र म्हणतोय की तो!”

“मग मंत्र नको म्हणू दे.”

“मग तो नमस्कार कुठला? उठाबशा झाल्या त्या!”

शेवटी निकाल लागला, की अंग हलवायचं पण तोंड हलवायचं नाही. तेराव्यापर्यंत मी मुक्याने नमस्कार घातले. सुतक म्हणजे काय, तर माणसाला घरात बसवून ठेवायचं. स्वयंपाक दुसऱ्यांनी आणायचा, सणवार बंद, पूजा बंद. तू फक्त बस आणि रड. आपल्या लोकांनी किती विचार करून ठेवलाय बघा! त्या तेरा दिवसांत सगळे बसून रडले. मी एकटा व्यायाम करत होतो.

परत आलो तर दारात नोएल. हा आमचा शेजारी, निवृत्त बसड्रायव्हर, वय बहात्तर. इकडची पद्धत म्हणजे कुणी गेलं की शेजारी सँडविच घेऊन येतात. नोएलने ट्रेभर आणली होती, सगळी हॅमची. आम्ही शाकाहारी आहोत हे त्याला सहा वर्षांत दोनदा सांगून झालं होतं. तो माझा हात दोन्ही हातांत धरून इकडचं सांत्वनाचं ठरलेलं वाक्य म्हणाला, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” मग तासभर समोर बसून राहिला आणि सगळी सँडविच स्वतःच खाल्ली. जाताना मला म्हणाला, “बायको गेली तेव्हा मी वर्षभर या सगळ्या इमारतींपुढचं गवत कापलं. वाढलेलं नसायचं, तरी कापायचो.” हे तो मला का सांगतोय ते तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, “हो का? वा!”

दुसऱ्या दिवसापासून माझं सत्र सुरू झालं. सकाळी उठायचं, बारा नमस्कार घालायचे आणि मेसेज करायचा, ‘१२ झाले.’ तो मी बाबांच्या नंबरवर करायचो. (तो फोन आता आई वापरते हे मला माहीत होतं. तरीसुद्धा.) पाऊस असो, ताप असो, ऑफिसच्या कामासाठी परगावी हॉटेलात असो. एकदा पोट बिघडलेलं असताना बारा नमस्कार घालायला मला पन्नास मिनिटं लागली, मध्ये चार मध्यंतरं धरून.

सूर्याचा प्रश्न होताच. बाबा उगवत्या बिंबाकडे तोंड करायचे. इथे बिंब कुठून आणणार? मी खिडकीतून अंदाजाने पूर्व धरायचो. एका सकाळी अंधारात ढगांतून लख्ख तेज प्रकटलं आणि मी भारावून हात जोडले, ‘ॐ मित्राय नमः’. तेज जवळ आलं, मोठं झालं आणि चाकं काढून विमानतळावर उतरलं. डोळ्यांत पाणी आणून मी दोनशे प्रवाशांना नमस्कार घातला होता.

ऑगस्टमध्ये खांदा दुखायला लागला. सप्टेंबरमध्ये शर्टात हात घालताना ओरडायला लागलो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी हात वर करायला सांगितला, तो छातीपाशी येऊन थांबला.

“रोज करता? एकही दिवस सुट्टी नाही?”

“नाही.”

“का?”

याला उत्तर होतं, पण ते सात महिने मी कोणालाच दिलं नव्हतं. मी म्हटलं, “इट्स अ फॅमिली थिंग.” बाईंनी सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. घरी इरा म्हणाली, “बाबा, रेस्ट डे इज पार्ट ऑफ द ट्रेनिंग. आमची कोच असंच म्हणते.” (ती शाळेत कमोगी खेळते. हॉकीसारखाच खेळ, फक्त काठी उगारायला मोकळीक जास्त.) मी तिला म्हटलं, “तुझ्या कोचला आजोबा माहीत नाहीत.” मानसीने सतरंजी उचलली आणि कपाटात टाकून कुलूप लावलं.

म्हणून मी बाथरूममध्ये घालायला लागलो. बाथरूमची लांबी माझ्यापेक्षा फूटभर कमी! आडवं व्हायचं तर दार किलकिलं करून पाय बाहेर काढायचे, आणि छाती वर उचलली की तोंड थेट कमोडसमोर. हे गुपित महिनाभर टिकलं. ऑक्टोबरात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. पहिल्याच सकाळी मी बाथरूममध्ये बारा पुरे केले आणि हाताच्या सवयीने मेसेज केला. स्वयंपाकघरात आईच्या पर्समध्ये टुणकन वाजलं.

“बाबांच्या फोनवर आलाय,” आई चष्मा लावून म्हणाली. “‘१२ झाले.’ अगं मानसी, हा कुठं घालतोय?”

मानसी वळली तेव्हा तिला दारातून बाहेर आलेली माझी दोन पावलं दिसली.

त्या दिवशी घरात जे झालं त्याला चर्चा म्हणणं धाडसाचं होईल. मानसीचा आवाज मी लग्नात उखाणा घेतानाही एवढा ऐकला नव्हता. “हात जाईल तुझा कायमचा! कोणासाठी चाललंय हे?” शेवटी आईनेच तोड काढली.

“असं भांडू नका की. आजारी माणसाचा उपास घरातलं दुसरं कोणी करतंच की नाही? तसं करूया. ह्याचे नमस्कार आपण घालू. खांदा बरा होईपर्यंत ह्यानं नुसतं बसायचं.”

हे फक्त आपल्याकडेच सुचू शकतं! औषध एकाने आणि पथ्य दुसऱ्याने. पण मला ते पटलं, कारण त्यात खाडा नव्हता.

रविवारी सकाळी नऊ वाजता दिवाणखान्यातलं टेबल हलवून समारंभ मांडला. मानसीकडे पाच, इराकडे तीन (त्याबदल्यात संध्याकाळी चिप्स), आणि आईकडे खुर्चीत बसून दोन. दोन उरले. तेवढ्यात नोएल आमचा उसना नेलेला डबा परत द्यायला आला. काय चाललंय ते त्याने विचारलं, इराने सांगितलं, आणि त्याने कोट काढला.

“दोनच ना? मी बघतो ते दोन.”

“नोएल, तुमचं वय...”

“अरे मी ग्रँड आहे!” असं म्हणून त्याने शर्टाच्या बाह्या सारल्या. आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ हा शब्द उत्तमपासून मरणासन्नपर्यंत सगळ्याला चालतो.

मी सोफ्यावर बसून मंत्र म्हणत होतो. मानसीचे पाच झाले आणि पाचव्याला तिच्या पोटरीत गोळा आला, ती गालिच्यावर आडवी पडली. इराने तीन इतके भरभर घातले की माझा मंत्र मागे राहिला. आईने खुर्चीत दोनदा हात वर-खाली करून “झाले गं बाई” म्हटलं. मग नोएल. ‘ॐ अर्काय नमः!’ तो वाकला, मागे सरकला, आठही अंगं जमिनीला टेकवली आणि तिथेच थांबला.

“नोएल?”

“मी ग्रँड आहे,” गालिच्यातून आवाज आला. “फक्त मला इथेच राहू द्या.”

पाठ धरली होती. मानसी पोटरी धरून हसत होती, तिला उठता येईना. मी डाव्या हाताने नोएलला उचलायला गेलो, तो हलेना. म्हणून उजवा लावला. खांद्यात कट्ट झालं, डोळ्यांपुढे सूर्याची बाराच्या बारा नावं चमकली आणि मी नोएलच्या शेजारी पालथा झालो. इराने शाळेत शिकवल्याप्रमाणे शांतपणे आपत्कालीन नंबर फिरवला.

“हाय. आमचे शेजारी अडकलेत. डॅड पण अडकलाय. अँड माय मॅम वोन्ट स्टॉप लाफिंग.”

वीस मिनिटांनी रुग्णवाहिकेतून एक तरुणी आणि एक दाढीवाला आत आले. समोर तीन माणसं एकाच दिशेला डोकी करून जमिनीवर पडलेली, आणि खुर्चीत एक म्हातारी हात जोडून बसलेली. (आई त्यांना नमस्कार करत होती!)

“यातला पेशंट कोण?” तरुणीने विचारलं.

“आम्ही सूर्याची पूजा करत होतो,” नोएल जमिनीवरून म्हणाला.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर राखाडी आभाळातून बारीक पाऊस पडत होता. “गुड लक विथ दॅट,” ती म्हणाली आणि पिशवी उघडून कामाला लागली.

त्यांनी नोएलला हळूहळू सरळ करून सोफ्यावर बसवलं. माझा हात झोळीत बांधला, दवाखान्यात दाखवून घ्या म्हणून बजावलं आणि ते गेले. मानसीने चहा टाकला. नोएलला गरम पाण्याची पिशवी दिली. सगळे हाशहुश करून बसले, आणि माझ्या डोक्यात हिशेब चालू झाला. पाच, तीन, दोन आणि नोएलचा अर्धा. साडेदहा. आज बारा झाले नाहीत.

मी उठलो. एका हाताने गालिचा सरळ करायला लागलो.

“काय करतोयस?” मानसी.

“दीड राहिलाय.”

“अरे, हात झोळीत आहे तुझा!”

“एका हाताने घालतो.”

“बस की रे आता,” आई म्हणाली. “एक दिवस नाही झाले तर काय सूर्य उगवायचा थांबतोय?”

“बाबा बसले नाहीत ना पण!” मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “त्यांना बसायचं होतं. दम लागतोय म्हणाले होते मला. मी खाडा नको म्हणून सांगितलं! मी सांगितलं म्हणून त्यांनी त्या दिवशी बारा घातले, आणि दुसऱ्या दिवशी...”

मी गालिच्यावर तसाच उकिडवा बसून राहिलो. इरा दारात उभी होती, तिच्या हातातला बिस्किटांचा डबा तसाच होता. आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“कुठं घातले बारा?” आई म्हणाली.

“मेसेज आला मला. बुधवारी.”

“तो मी टाकला होता.”

मी वर पाहिलं.

“तुझा मेसेज वाचून हसले की ते. म्हणाले, ‘बेडकी बघ पाठवलीय. दंडात नाही, फोनमध्ये आहे.’ आणि मला म्हणाले, ‘तू टाक बारा झाले म्हणून, मी पडतो जरा.’ मी टाकलं. दहापर्यंत झोपले. उठून उपीट खाल्लं, दोनदा मागून घेतलं. दुपारी परत झोपले. संध्याकाळी डॉक्टरांकडं जाऊ म्हटलं तर म्हणाले, आता बरं वाटतंय, उद्या जाऊ.” आईने खुर्ची माझ्याजवळ ओढली. “ते ऐकायला नको होतं मी. पण थकून नाही गेले रे ते. निवांत गेले.”

“पण एकतीस वर्षं...”

“कसली एकतीस! गुडघा दुखला की खाडा, पाहुणे आले की खाडा, मॅच असली की खाडा. तू इकडं आलास तेव्हा तर बारा दिवस सतरंजीला हात नाही लावला. नुसते गॅलरीत बसायचे. अंगात जोर नाही म्हणायचे. तुला मात्र रोज ‘१२ झाले’. खाडा कळवला तर लेकरू तिथं काळजी करेल म्हणे.”

“आणि तू मला इतके महिने सांगितलं नाहीस?”

“तू काय मनात धरून बसलायस ते तू कुठं सांगितलंस? मला वाटलं, बापाचा अभिमान म्हणून घालतोयस. मेलेल्या माणसाचं बिंग कशाला फोडू?”

मग मी रडलो. आठ महिने उशिरा, झोळीत हात घालून, गालिच्यावर, शेजाऱ्यासमोर. मोठ्याने रडलो. मानसी शेजारी येऊन बसली, इरा पाठीला टेकून बसली, आणि आई खुर्चीतून वाकून माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. नोएलला एक अक्षरही कळलं नव्हतं. तो गरम पाण्याची पिशवी पाठीशी धरून कसाबसा पुढे सरकला आणि माझ्या डाव्या हातावर हात ठेवून सँडविचच्या दिवशीचंच वाक्य पुन्हा म्हणाला, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” या वेळी मी ते ऐकलं. त्या दिवशी कोणीच काही केलं नाही. दवाखान्यात जाऊन आलो, नोएलच्या हट्टाने त्याच्या खर्चाने चिप्स मागवले आणि सगळे दिवसभर बसून राहिलो. सुतक असं पाळतात हे मला सँट्रीत कळलं.

आई जानेवारीत सांगलीला परतली. खांदा आता बरा आहे. मी नमस्कार घालतो, पण आठवड्यातून पाच दिवस, आणि कणकण वाटली तर चारच. बाकीच्या दिवशी मी पांघरुणातून एक हात बाहेर काढतो, बाबांच्या नंबरवर ‘१२ झाले’ असा मेसेज टाकतो, आणि आईचा ‘शाब्बास, आता झोप’ वाचून कूस बदलतो. घराण्याची खरी परंपरा अखेर माझ्या हाती आली आहे, आणि तिच्यात मी आजवर एकही खाडा पडू दिलेला नाही.